पॅक-मॅन घरी खेळायचाय? आधी स्क्रीन उभी का आडवी ते बघा

पॅक-मॅन माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही, पण कुठला पॅक-मॅन असं विचारलं की समोरचा बघतच राहतो, कारण बहुतेकांना वाटतं तो एकच आहे. १९८० साली नामको या जपानी कंपनीत तोरू इवातानी आणि त्यांच्या टीमने केलेलं आर्केड मशीन (नाणं टाकून खेळायचं कपाटाएवढं मशीन) हे मूळ, आणि त्याच्यावरून घरचे कॉम्प्युटर, टीव्ही गेम, हातातले गेम, अगदी मनगटी घड्याळापर्यंत (नेल्सॉनिक कंपनीचं) जे जे निघालं ती सगळी पोर्टं. आपल्याकडे कोकणात आर्केड मशीन म्हणजे मुंबईला गेलो तर बघायची वस्तू. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडच्या बहुतेकांचा पॅक-मॅन म्हणजे गणपतीला आलेल्या चाकरमान्याने आणलेला टीव्ही गेम आणि त्यातली ती पिवळी कॅसेट.

आता परत खेळायचाय म्हणून लोक विचारतात कुठला घेऊ, कुठला टाकू, आणि उत्तर देणारे ग्राफिक्सवर बोलत सुटतात. माझं म्हणणं सोपं आहे. ग्राफिक्स सोडा, स्क्रीनचा आकार बघा आणि वळताना गेम कसा वागतो ते बघा, बाकी सगळं दुय्यम.

का ते सांगतो. मूळ मशीनची स्क्रीन उभी होती, २२४ पिक्सेल रुंद आणि २८८ उंच. आपला टीव्ही आडवा. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची स्क्रीन २५६ बाय २४०, स्पेक्ट्रम आणि एमएसएक्स या जुन्या घरच्या कॉम्प्युटरांची २५६ बाय १९२, हातातल्या गेम बॉयची तर जेमतेम १६० बाय १४४. म्हणजे २८८ ची उंची यातल्या कशातच बसत नाही. मग पोर्ट करणाऱ्याकडे तीनच रस्ते उरतात, एक तर मेझ (म्हणजे गल्ल्यांचा तो भुलभुलैया) दाबून बुटका करायचा आणि स्कोअर बाजूला सरकवायचा, नाहीतर मेझ मोठा ठेवून स्क्रीन पॅक-मॅनच्या मागे सरकवत न्यायची, नाहीतर सगळंच एवढं बारीक करायचं की डोळे फुटायची वेळ. प्रत्येक पोर्टने यातलं काहीतरी सोसलंय. तुम्हाला काय चालेल एवढंच ठरवायचं.

घरात जुना टीव्ही गेम असेल तर

तर नवीन काही घेऊ नका, तोच काढा. ते जे समुराय, लिटल मास्टर वगैरे नावांनी मिळायचे ते बहुतेक आतून निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला, आणि त्यांच्या कॅसेटमध्ये जो पॅक-मॅन असतो तो नामकोने स्वतः १९८४ ला फॅमिकॉमसाठी काढलेला. तो गेम फक्त २४ केबीचा आहे, १६ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं, म्हणून तर '९९९९९९९ इन १' असं छापलेल्या झाडून सगळ्या कॅसेटमध्ये तो सापडतो, कोंबायला सोपा ना. जत्रेत नाहीतर ऑनलाईन मिळणारा तो ४०० गेमवाला छोटा हातातला डबा, त्यातही बहुतेक वेळा हाच असतो. आणि खरं सांगू का, पोर्ट चांगलं आहे. मेझ थोडा बुटका, स्कोअर उजवीकडे, पण वळणं हलकी आणि भुतं बऱ्यापैकी मूळसारखी वागतात. फुकटात पडलेला असताना याच्यापुढे दुसरं शोधायची गरज नाही असं माझं मत.

प्रॉब्लेम फक्त आपल्या हवेचा. समुद्राकाठी माळ्यावर पडलेल्या कॅसेटचे पितळी-तांबडे दात खाऱ्या हवेने हिरवट पडतात नाहीतर काळे होतात, मग कॅसेट लावली की राखाडी स्क्रीन, किंवा अक्षरांची भेळ. आपण सगळे लहानपणी फुंकर मारायचो, ते करू नका, तोंडातली ओल जाऊन आणखी गंज चढतो. मेडिकलमधनं नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कान साफ करायच्या काडीला लावून दात पुसा, काडी काळी येते तोवर पुसत राहा, जास्तच चिवट असेल तर शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि मग परत अल्कोहोल. पूर्ण वाळू द्या. पाऊस चालू असेल तर अर्धा तास पंख्याखाली ठेवा. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ती कॅसेट कायमची गेली समजा.

अडॅप्टर हरवलेला असतो, हमखास. घरात पडलेला कुठला तरी वायफायचा अडॅप्टर बसतोय म्हणून खुपसू नका. मशीनच्या खाली किती व्होल्ट आणि पिनेत आत प्लस की मायनस ते चित्र छापलेलं असतं, ते जुळलं तरच लावा. छापील पुसलं गेलं असेल तर दुकानदाराला मशीनच दाखवा.

टीव्हीला जोडायचं तर पिवळी आणि पांढरी पिन. नवीन टीव्हीला ती भोकं नसतील तर एव्ही ते एचडीएमआय असा छोटा कन्व्हर्टर मिळतो, त्याला वेगळी यूएसबी पॉवर लागते हे लक्षात ठेवा. फक्त अँटेनाची वायर असलेलं मशीन असेल तर टीव्हीत अॅनालॉग चॅनल सर्च मारा, गेम चालू ठेवून, तरच चॅनल सापडतो. जोडून झालं की टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा, चित्राचा आकार ४:३ करा म्हणजे पॅक-मॅन चपटा दिसणार नाही, आणि गेम मोड ऑन करा. गेम मोड फार महत्त्वाचा आहे, तो नसेल तर बटण दाबल्यावर पॅक-मॅन उशिरा वळतो आणि तुम्ही कॅसेटला शिव्या घालत बसता.

अजून एक, आपल्याकडचे जुने टीव्ही पाल सिस्टीमचे, सेकंदाला ५० वेळा चित्र, जपानचा फॅमिकॉम ६० वेळा. आपल्याकडे विकलेल्या नकला पालसाठी बनवलेल्या, म्हणून त्यांच्यावर गेम साधारण १७ टक्के हळू चालतो, गाणंही हळू. लहानपणी तुम्ही पॅक-मॅनमध्ये फार भारी होता आणि आता मोबाईलवर दुसऱ्या लेव्हललाच मरता, त्यात वयाचा थोडा भाग असेल पण या ५० आणि ६० चाही आहे.

लॅपटॉपवर जुने कॉम्प्युटरवाले खेळायचे असतील तर

इथे हौस लागते. अटारी २६०० या जुन्या अमेरिकन टीव्ही गेमवरचा १९८२ चा पॅक-मॅन आधी बघा, चांगला आहे म्हणून नाही, तर मशीन किती तोकडं होतं ते कळण्यासाठी. टॉड फ्राय नावाच्या प्रोग्रामरने तो ४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला आणि मशीनची रॅम होती १२८ बाइट, बाइट हां, केबी नाही, ही देवनागरीतली ओळसुद्धा त्यात मावायची नाही. मेझ पूर्ण वेगळा, बोगदे डाव्या-उजव्या बाजूला असायचे ते वर-खाली, ठिपक्यांच्या जागी आडव्या रेघा, आणि भुतं सतत लुकलुकतात कारण ते मशीन एकदम सगळी भुतं दाखवूच शकत नाही, पाळीपाळीने दाखवतं. याला लोकांनी भरपूर नावं ठेवली तरी ७० लाखांहून जास्त खपला. स्टेला नावाचा फुकट इम्युलेटर (जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम) आहे, त्यात फॉस्फर नावाचा ऑप्शन ऑन करा, मग लुकलुक जुन्या काचेच्या टीव्हीसारखी मऊ होते. नाहीतर एलसीडीवर डोकं दुखतं.

अटारीच्याच ५२०० ला मेझ बराच मूळच्या जवळ, पण त्याची जॉयस्टिक सोडली की मध्ये परत येत नसे, मेझच्या गेमला याच्याहून वाईट काही नाही. इम्युलेटरवर कीबोर्डने खेळलात तर तो त्रास आपोआप जातो, म्हणून ५२०० लॅपटॉपवरच बरा.

१९८३ च्या आसपास अटारीने अटारीसॉफ्टच्या नावाखाली कमोडोर ६४, ॲपल टू, आयबीएम पीसी, व्हिक-२० अशा घरच्या कॉम्प्युटरांसाठी एकाच वेळी बरीच पोर्टं काढली. यातलं एकच घ्यायचं तर कमोडोर ६४ घ्या. पीसीचं डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारा इम्युलेटर) लावून बघा, रंग सीजीएचे, म्हणजे जुन्या पीसीचे मोजकेच, त्यामुळे सगळं आधीच आजारी दिसतं, आणि कुठलाही जुना डॉस गेम सुसाट पळायला लागला तर कंट्रोल धरून एफ११ दाबत जा, सायकल म्हणजे वेग कमी होतो, एफ१२ ने वाढतो.

स्पेक्ट्रमवर रंगाची गंमत बघायला मिळते, ८ बाय ८ च्या चौकोनात दोनच रंग चालतात, त्यामुळे भूत आणि भिंत जवळ आले की एकाचा रंग दुसऱ्याला लागायची भीती, म्हणून तिथले प्रोग्रामर रंगांच्या बाबतीत हात राखून असत. हा स्पेक्ट्रम आपल्याकडेही होता बरं का, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने तो डीबी स्पेक्ट्रम म्हणून विकला. आणि शाळेत सरकारी योजनेतला बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर ज्यांनी बघितलाय (१९८४-८५ पासून क्लास नावाच्या प्रकल्पात शाळांना ते दिले गेले) त्यांनी स्नॅपर शोधा, एकॉर्नसॉफ्टचा, १९८२ चा. तो पॅक-मॅनची उघड नक्कल आहे, परवाना वगैरे काही नाही, पण वेग आणि वळणं इतकी नेमकी की कित्येक परवानावाली पोर्टं त्याच्यापुढे फिकी. माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात मजा येणारा पॅक-मॅन हा पॅक-मॅन नसलेलाच आहे.

गेमच्या फायलींबद्दल एकदाच सांगतो. या गेमचे हक्क अजून नामकोकडेच (आता बांदाई नामको) आहेत, त्यामुळे विकत मिळतं तिथे विकत घ्या. आणि '५००० गेम फ्री' म्हणणाऱ्या साईटवरून ज्या फायली येतात त्यात .ईएक्सई असेल तर उघडूच नका, खऱ्या गेमची फाईल इम्युलेटरमध्ये उघडते, ती स्वतः चालू होत नाही.

हातातले गेम

इथे स्क्रीनचा प्रश्न सगळ्यात टोकाला जातो. गेम बॉयच्या पॅक-मॅनमध्ये (जपानात १९९०) दोन मोड आहेत, एकात सगळं मोठं आणि स्क्रीन सरकते, दुसऱ्यात अख्खा मेझ दिसतो पण सगळं निम्म्या आकाराचं. नवीन माणूस हमखास मोठा मोड घेतो, छान दिसतो म्हणून. घेऊ नका. मोठ्या मोडमध्ये खालच्या कोपऱ्यात असताना वरून कोण येतंय ते दिसत नाही, आणि पॅक-मॅन हा सगळा आधी बघून ठरवायचा खेळ आहे, घाटात धुक्यात एसटी चालवल्यासारखं होतं ते. बारीक मोड घ्या, दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते. मूळ गेम बॉयला आतला लाईट नाही, त्यामुळे दुपारी पडवीत बसून खेळा, घरात काही दिसायचं नाही.

गेम बॉय कलरवर १९९९ ला पॅक-मॅन स्पेशल कलर एडिशन आला, त्यात पॅक-अटॅक हा ठोकळ्यांचा गेमही मिळतो, जुना गेम बॉय आणि हा यात निवडायचं असेल तर डोळे झाकून हा घ्या. गेम बॉय ॲडव्हान्सवर २००१ चं पॅक-मॅन कलेक्शन आहे, एकात चार गेम.

पण हातातल्यांचा राजा माझ्या मते निओ जिओ पॉकेट कलरचा पॅक-मॅन, तोही १९९९ चा. स्क्रीन १६० बाय १५२, म्हणजे गेम बॉयहून आठच ओळी जास्त, पण त्याची ती टिकटिक आवाज करणारी छोटी स्टिक आणि गेमबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची चकती. ही चकती स्टिकभोवती बसवली की स्टिक फक्त चार दिशांना जाते, तिरकी जातच नाही. बनवणाऱ्याला खेळ कळलेला होता याचा एवढा एक पुरावा पुरे. सेकंडहँड घेताना चकती आहे का ते आधी विचारा, बहुतेकांनी हरवलेली असते.

मोबाईल

आणि गंमत म्हणजे ज्या आकाराच्या मागे सगळे इतकी वर्षं धडपडले तो आकार आपल्या खिशात आहे. मोबाईलची स्क्रीन उभी, मूळ मशीनसारखी, मेझ दाबावा लागत नाही की सरकवावा लागत नाही, खाली बोटाला जागा पण उरते. अडचण कंट्रोलची. बोट सरकवून खेळताना एक तर बोट स्वतःच मेझ झाकतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात घामेजल्या बोटाने स्क्रीन काय वाचेल याचा नेम नाही. म्हणून सेटिंगमध्ये ऑप्शन असेल तर डी-पॅड (चार दिशांची फुली) खाली घ्या आणि मोठा करा, स्वाइप ठेवायचाच असेल तर बोट मेझच्या खालच्या रिकाम्या पट्टीत ठेवा, वर नेऊ नका.

ब्लूटूथ पॅड असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त मोबाईल आडवा पकडणारा पॅड घेऊ नका, सगळा फायदा जातो, मोबाईल स्टँडवर उभा ठेवा आणि पॅड वेगळा हातात घ्या. पॅडवर गोल फिरणारी स्टिक वापरू नका, फुलीचं बटण वापरा. इम्युलेटरमध्ये चार दिशा किंवा फोर-वे असा ऑप्शन असतो तो ऑन करा. तिरकं दाबलं गेलं की गेमला कळत नाही वर जायचं की उजवीकडे, आणि तुम्ही सरळ भुताच्या तोंडात.

निन्टेन्डो स्विच असेल तर २०१७ च्या नामको म्युझियममध्ये मूळ आर्केड पॅक-मॅन आहे आणि चित्र उभं फिरवता येतं, स्विच टेबलावर उभा टेकवायचा. हॅम्स्टर कंपनीच्या आर्केड आर्काइव्ह्ज मालिकेतही २०२१ ला आला. काहीच विकत घ्यायचं नसेल तर गूगलने २१ मे २०१० ला, पॅक-मॅनच्या तिसाव्या वाढदिवसाला, खेळता येणारा डूडल केला होता, तो त्यांच्या डूडलच्या संग्रहात अजून खेळता येतो. इन्सर्ट कॉइन दोनदा दाबलं की दुसरा खेळाडू मिझ पॅक-मॅन घेऊन येतो, डब्ल्यू-ए-एस-डी वर. मेझ आडवा आणि गूगलच्या अक्षरांचा, पण नेट चालू असेल तर पाच मिनिटांची करमणूक.

पोर्ट चांगलं की फालतू, हे पहिल्याच गेममध्ये कसं ओळखायचं

कोपरा यायच्या जरा आधीच पुढची दिशा दाबून धरा. मूळ मशीनमध्ये पॅक-मॅन कोपरा तिरका कापतो, भुतं कापू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक वळणाला तुम्ही त्यांच्यापासून थोडे लांब जाता. पोर्टमध्ये आधी दाबलेलं चालत नसेल, नेमकं कोपऱ्यावरच दाबावं लागत असेल, तर ते पोर्ट सोडा, कितीही सुंदर दिसू दे.

मग भुतं बघा. पहिल्या लेव्हलला सुरुवातीचे ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडे जातात, लाल वर उजवीकडे, गुलाबी वर डावीकडे, निळं खाली उजवीकडे, नारिंगी खाली डावीकडे, आणि ७ सेकंद झाले की बाहेर असलेली सगळी एकदम उलटी फिरतात आणि २० सेकंद मागे लागतात. असं एकदम उलटं फिरणं दिसलं तर पोर्ट करणाऱ्याने अभ्यास केलाय. बोगद्यात शिरल्यावर भुतं हळू होतात का ते बघा. ७० ठिपके खाल्ल्यावर पहिलं फळ येतं, १७० ला दुसरं. मूळ मेझमध्ये २४० लहान आणि ४ मोठे ठिपके असतात, पण बुटक्या मेझवाल्या पोर्टांत हा आकडा जुळेलच असं नाही, तेवढ्यावरून नापास करू नका. दुसरी लेव्हल संपली की छोटा विनोदी सीन येतो, मेमरी कमी पडली की सगळ्यात आधी तोच कापतात.

नारिंगी भूत मला सगळ्यात आवडतं. ते लांबून अंगावर येतं आणि आठ घरांच्या आत आलं की घाबरून स्वतःच्या कोपऱ्याकडे पळतं. हातातल्या साध्या नकलांत ते पण इतरांसारखंच मागे लागतं, मग मजा निम्मी.

खेळताना

इंटरनेटवर ठरलेले रस्ते मिळतात, ज्याला पॅटर्न म्हणतात, इथून वर मग डावीकडे मग खाली असं अख्ख्या लेव्हलभर. ते मूळ मशीनवर चालतात कारण तिथे भुतं नशिबावर वागत नाहीत, तुम्ही तेच केलंत तर तीही तेच करतात. पोर्टवर ते पाठ करू नका, वेग वेगळा, मेझ वेगळा, तिसऱ्याच कोपऱ्याला मराल. आर्केडचीच हुबेहूब कॉपी (आर्काइव्ह्ज, म्युझियम) असेल तरच करा.

सगळीकडे चालणारं सांगतो. ठिपके खाताना पॅक-मॅन हळू होतो, म्हणून मागे भूत असताना रिकाम्या, आधी खाल्लेल्या गल्लीतून पळा. गुलाबी भूत तुमच्या तोंडापुढची चार घरं धरून येतं, त्यामुळे ते समोरून आलं तर कधीकधी सरळ त्याच्या दिशेने तोंड केलं की तेच वळून जातं, छातीत धस्स होतं पण करून बघा. मोठा ठिपका घाईने खाऊ नका, त्याच्या शेजारी दबा धरून बसा, चारही जवळ आली की खा, २००, ४००, ८००, १६०० असे एका दमात ३००० मिळतात. पहिल्या लेव्हलला भुतांचा निळेपणा (तेव्हाच ती खाता येतात) ६ सेकंद टिकतो, पुढे कमी होत जातो आणि शेवटी शेवटी नसतोच, तेव्हा स्कोअर सुरुवातीलाच गोळा करा, मूळ सेटिंगला १०,००० वर एक जीव जास्त मिळतो. पहिल्या लेव्हलला शेवटचे २० ठिपके उरले की, आणि पुढे त्याहून आधीच, लाल भूत जोरात पळायला लागतं, म्हणून ते शेवटचे ठिपके एकाच कोपऱ्यात उरतील असं आधीपासून बघा, चार कोपऱ्यांत चार ठेवलेत तर मेलात.

मुलं जास्त असतील, म्हणजे गणपतीत असतातच, तर फॅमिकॉमवाला दोन खेळाडूंचा मोड पाळीपाळीचा आहे, एक मेला की दुसरा, त्यामुळे दोन्ही रिमोट आधी तपासून ठेवा, नाहीतर दुसऱ्याची पाळी आली की भांडण.

विजा चमकायला लागल्या की अडॅप्टर आणि अँटेना दोन्ही भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. हातातल्या गेममधले सेल मेअखेरीस काढून ठेवा, पावसाळ्यात पडून पडून ते पाझरतात आणि स्प्रिंग खातात. कॅसेटा घट्ट झाकणाच्या डब्यात, आत बुटाच्या खोक्यातून मिळणाऱ्या सिलिकाच्या दोन-चार पुड्या, आणि डबा माळ्यावर नको, कौलाखाली ओल लागते, कपड्यांच्या कपाटात ठेवा.